उलाळ गाडीचा तोल

एप्रिलच्या एखाद्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याच्या तिठ्याजवळ थोडा वेळ उभे राहा. रत्नागिरीकडून येणाऱ्या पिकअप एकामागून एक वळण घेतात आणि वाशीच्या वाटेला लागतात. हौद्यात आंब्याच्या पेट्या, पेट्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरीचे वेढे. गाडी अजून बरीच लांब असते, तोच तिचा उजेड तुमच्या डोळ्यांत घुसतो. चालकाने अप्पर दिलेला नसतो, दिवे डिप्परवरच असतात. पण मागचा भाग बसल्यामुळे गाडीचे तोंड वर झालेले असते. जो उजेड रस्त्यावर पडायचा, तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

बैलगाडीच्या काळात या अवस्थेला नेमका शब्द होता: उलाळ. मागे वजन जास्त झाले की गाडी मागे कलते, जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेवरचा भार निघून जातो आणि गळ्याखालची जुपणी ताणली जाते. जाणता गाडीवान अशा वेळी खाली उतरून दोन पोती पुढे सरकवत असे.

पिकअपला बैल नाहीत, पण उलाळ आहे. बैलांच्या मानेच्या जागी पुढची दोन चाके आहेत. गाडी वळते त्यांच्या जोरावर, आणि ब्रेक दाबल्यावर थांबण्याचे मोठे कामही तीच करतात. त्यांच्यावरचा भार कमी झाला की स्टिअरिंग हलके लागते. नवख्या चालकाला ते सुखाचे वाटते, पण रस्त्यावरची पकड सैल झाल्याची ती खूण असते.

ही उलाळ काढण्याचा एक उपाय म्हणजे मागच्या ॲक्सलवर हवेच्या स्प्रिंगा बसवणे. हवेने गाडीची पातळी परत येते, गाडीची ताकद मात्र वाढत नाही. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळला, त्याच्या हातात हे साधन उपयोगी ठरते. ज्याला कळला नाही, त्याच्या हातात ते धोक्याचे होते.

पाट्यांचे गणित

पिकअपच्या मागच्या चाकांवर पोलादी पाट्यांची कमान असते. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात आणि त्या डोळ्यांतून तो चॅसीला जोडलेला असतो. त्याखाली एकापेक्षा एक आखूड पाटे रचून यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेले असतात. वजन पडले की कमान सपाट होऊ लागते, वजन उतरले की पुन्हा बाक घेते.

किती वजनाला किती दबेल, याचा नियम इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये मांडला. वजन दुप्पट तर दबणे दुप्पट, इतका तो सोपा आहे. आकडे घेऊन पाहू. एका पिकअपचे मागचे पाटे, दोन्ही बाजूंचे मिळून, दर १०० किलोला १ सेंटिमीटर दबतात असे समजा. गाडी रिकामी असताना पाट्यांवर ४०० किलो भार आहे, म्हणजे ते ४ सेंटिमीटर दबलेले आहेत. आता हौद्यात इतका माल चढवला की मागच्या ॲक्सलवर आणखी १,००० किलो आले. पाटे आणखी १० सेंटिमीटर दबणार. वीस-वीस किलोच्या पन्नास पेट्या म्हणजेच हे १,००० किलो, आणि गाडीचे शेपूट वीतभर नाही, तरी चांगले चार बोटांहून जास्त खाली गेलेले असते.

दबण्याचा हाच आकडा गाडीच्या उसळीचा वेगही ठरवतो. ४ सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग सेकंदाला सुमारे अडीच वेळा वरखाली होते, १४ सेंटिमीटर दबलेली सव्वा ते दीड वेळा. माणसाच्या अंगाला सेकंदाला एक ते दीड वेळा होणारा झोका मानवतो. म्हणून भरलेली पिकअप डुलत जाते आणि तीच गाडी परतताना रिकामी असली की खड्ड्याखड्ड्याला उडते.

गाडी बसण्यावर आपल्याकडचा जुना इलाज म्हणजे कमान-पाट्याच्या दुकानात जाऊन एक पाटा वाढवणे. त्याने गाडी कमी बसते हे खरे. पण तो पाटा चोवीस तास, बारा महिने तिथेच असतो. आपल्या उदाहरणात पाटे चाळीस टक्क्यांनी कडक केले, तर रिकाम्या गाडीची उसळी सेकंदाला तीनच्या घरात जाते. रिकामी गाडी दगडासारखी आपटू लागते. पावसाळ्यात, आंबा घाटाच्या ओल्या वळणावर, उडणारे चाक क्षणभर रस्ता सोडते आणि तेवढ्यात गाडीचा मागचा भाग बाजूला सरकू शकतो. म्हणजे जाताना जो उपाय, तोच येताना अपाय.

गरज आहे ती भरल्यावर कडक आणि रिकामी झाल्यावर मऊ होणाऱ्या स्प्रिंगेची. साध्या पोलादी पाट्यांना हे जमत नाही. हवेला जमते.

हवेची स्प्रिंग

सायकलचा पंप घ्या, तोंडावर अंगठा घट्ट धरा आणि दांडा आत ढकला. सुरुवातीला दांडा सहज जातो, मग जड होतो, मग हलेनासा होतो. सोडला की परत येतो. ही झाली हवेची स्प्रिंग.

हा शब्द आजचा नाही. रॉबर्ट बॉईल यांनी १६६० मध्ये हवेवरच्या प्रयोगांचे जे पुस्तक काढले, त्याच्या नावातच ‘हवेची स्प्रिंग’ हे शब्द होते. दोन वर्षांनी, १६६२ च्या दुसऱ्या आवृत्तीत, त्यांनी तो प्रसिद्ध नियम मांडला: तापमान तेच राहिले, तर हवेची जागा निम्मी केली की तिचा दाब दुप्पट होतो. या प्रयोगांसाठी लागणारा हवेचा पंप ज्याने तयार केला, तो बॉईल यांचा तरुण सहायक होता रॉबर्ट हूक. पोलादी स्प्रिंगेचा नियम पुढे ज्यांनी सांगितला, तेच हे हूक. पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर पाट्यांशेजारी हवेचा फुगा बसतो, तेव्हा साडेतीनशे वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत काम केलेल्या गुरू-सहायकांचे दोन नियम खांद्याला खांदा लावून एकच ओझे पेलत असतात.

हवेचा गुण असा की तिचा कडकपणा तिच्या दाबावर अवलंबून असतो. फुग्याची उंची तीच ठेवून दाब वाढवला की तो जास्त भार पेलतो, आणि जवळपास त्याच प्रमाणात कडकही होतो. भार आणि कडकपणा बरोबरीने वाढल्यामुळे उसळीचा वेग फारसा बदलत नाही. पोलादाचा कडकपणा कारखान्यात एकदा ठरतो. हवेचा कडकपणा रोज सकाळी पेट्रोल पंपावर ठरवता येतो.

रस्त्यावरच्या वाहनासाठी हवेच्या स्प्रिंगेचे पेटंट अमेरिकेत विल्यम हम्फ्रीज यांनी १९०१ मध्ये घेतले. पण हवा न गळता वर्षानुवर्षे टिकेल असे रबर, आणि त्या रबरात गुंफलेले मजबूत धागे, मिळायला आणखी काही दशके जावी लागली. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या बसगाड्या हवेवर धावू लागल्या. आज मुंबई-पुणे मार्गावर शिवनेरी बसमध्ये बसणारा प्रवासी हवेवरच बसलेला असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या लोकलमध्ये आहे. दुपारी डबा अर्धा रिकामा असतो आणि संध्याकाळी त्याच डब्यात पाय ठेवायला जागा नसते. इतका चढउतार पोलादी स्प्रिंगेवर सोपवला, तर गर्दीत डबा खाली बसणार आणि फलाटापेक्षा त्याचा उंबरठा खाली जाणार. म्हणून नव्या लोकल गाड्यांच्या बोगींवर हवेच्या स्प्रिंगा आल्या. त्यांना जोडलेली झडप डब्याची उंची ओळखते: गर्दी वाढली की हवा भरते, कमी झाली की सोडते. आंब्याची पिकअप आणि विरारची लोकल यांच्यापुढचा प्रश्न एकच आहे. रिकामे आणि भरलेले यांतले अंतर फार मोठे आहे आणि ते रोजचे आहे.

मागे काही ओढताना

रत्नागिरी जिल्ह्यात पिकअपच्या मागे आंब्याशिवायही बरेच काही असते. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचा मिक्सर ओढत न्यावा लागतो. कुठे जांभा फोडायला कॉम्प्रेसर जातो, कुठे जनरेटर, कुठे ट्रेलरवर फायबरची छोटी होडी.

ओढण्याचे ओझे हौद्यातल्या ओझ्यापेक्षा वेगळे वागते. ट्रेलरचे बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असते. पण त्याच्या दांडीचे टोक गाडीच्या हुकावर काही भार देते, आणि तो एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. तो फार कमी असेल, म्हणजे ट्रेलर स्वतःच उलाळ असेल, तर वेगात त्याचे शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागते आणि गाडीलाही झुलवते.

आता तरफेचे गणित करू. ट्रेलर ८०० किलोचा, हुकावरचा भार ८० किलो. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ३ मीटर, आणि हुक मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे. हे ८० किलो मागच्या चाकांवर ८० म्हणून उतरत नाहीत. मागचा ॲक्सल टेकू होतो, गाडी तरफ होते आणि पुढच्या चाकांवरून ३२ किलो उचलले जातात. मागच्या ॲक्सलवर पडतात ११२. हौदा आधीच भरलेला असेल, तर मागून लावलेले हे थोडे वजनही उलाळ वाढवते.

हवेच्या फुग्यांनी इथे गाडीची उंची सावरते, दिवे रस्त्यावर येतात, ट्रेलरची दांडी पुन्हा आडवी समपातळीत येते. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. मागचा भाग वर उचलल्याने पुढच्या चाकांवरून निघालेले वजन जवळपास तितकेच राहते. ते परत आणायचे तर गाडीवानाचाच मार्ग आहे: हौद्यातला माल पुढे, केबिनला टेकवून रचायचा. ट्रेलर झुलत असेल, तर त्यावरही फुगा हा इलाज नाही. ट्रेलरवरचा माल नीट रचणे हाच इलाज आहे.

फुगे बसवताना

पिकअपसाठी मिळणाऱ्या संचात साधारणपणे दोन फुगे, चॅसीला आणि ॲक्सलला धरणारे पत्र्याचे जाड ब्रॅकेट, नायलॉनची नळी आणि ट्यूबला असतात तसे दोन व्हॉल्व्ह असतात. पाटे काढायचे नसतात. फुगे त्यांच्या मदतीला येतात, त्यांच्या जागी नाही.

काम सुरू करण्याआधी टेप घ्या. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजा आणि लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या कामात हाच आकडा प्रमाण मानायचा आहे.

मग पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, गाडी चॅसीवर जॅक लावून उचलायची आणि भक्कम घोडीवर टेकवायची. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. बहुतेक रचनांत चॅसीखालचा रबरी बंप काढून त्याच जागी फुग्याचा वरचा ब्रॅकेट बसतो, आणि खालचा ब्रॅकेट ॲक्सलवर पाट्यांच्या यू-बोल्टजवळ आवळला जातो. फुगा सरळ उभा बसला पाहिजे. फुगल्यावर तो जाड होतो, म्हणून टायर, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि सायलेन्सर यांपासून त्याच्याभोवती सगळीकडे बोटभर तरी मोकळी जागा हवी.

नळी कापायची ती धारदार पात्याने, काटकोनात. तिरकी किंवा चेपलेली कापली, तर जोडात बसते पण हवा धरत नाही. आत ढकलल्यावर हलकेच मागे ओढून पाहावी, निघाली नाही तर बसली. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवणे चांगले. एकच नळी असेल, तर वळणावर गाडी कलताना दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते.

हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडा आला तिथे गळती. दुसऱ्या दिवशी सकाळी दाब पुन्हा मोजा. काही दिवस गाडी चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण नवे ब्रॅकेट बसताना थोडे सैल होतातच.

दाब किती ठेवायचा? आपल्या उदाहरणातली गाडी १० सेंटिमीटर बसली आहे. तिला ५ सेंटिमीटर वर आणायचे, तर फुग्यांनी पाट्यांवरचा ५०० किलो भार स्वतःकडे घ्यायला हवा, म्हणजे प्रत्येकी २५०. फुग्याचे भार पेलणारे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब लागतो, म्हणजे सुमारे ३५ पीएसआय. टायरमध्ये भरतो त्याच मापाचा हा आकडा आहे. माल उतरला की हवा सोडायची, पण पूर्ण नाही. संचावर दिलेला किमान दाब, बहुधा ५ ते १० पीएसआय, ठेवायचाच. रिकामा फुगा घडी पडून ब्रॅकेटमध्ये चिमटतो आणि फाटतो. वरची मर्यादाही संचावर लिहिलेली असते, ती ओलांडू नये.

ब्रेकला लागलेली काडी

आता या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अनेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलपासून चॅसीपर्यंत एक काडी किंवा बारीक स्प्रिंग गेलेली दिसते. ती एका झडपेला जोडलेली असते. गॅरेजमध्ये तिला एलएसपीव्ही म्हणतात. तिचे काम असे: गाडी रिकामी असताना मागच्या चाकांवर भार कमी असतो, तेव्हा पूर्ण ब्रेक लागला तर ती चाके घसरतील. म्हणून झडप मागचा ब्रेक हलका ठेवते. गाडी भरली की मागच्या ब्रेकला पूर्ण जोर देते.

पण गाडी भरली आहे, हे त्या झडपेला कळते कसे? तिच्याकडे वजनकाटा नाही. ॲक्सल आणि चॅसी यांतले अंतर कमी झाले, एवढेच तिला कळते. आपण फुग्यात हवा भरून तेच अंतर पुन्हा वाढवतो. माल टनभर आहे आणि झडपेला वाटते की गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक हलका होतो, नेमका जेव्हा तो सर्वांत जास्त हवा असतो तेव्हा. साखरप्याकडे आंबा घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. म्हणून अशी झडप असलेल्या गाडीला फुगे बसवायचे, तर झडपेची जुळणी त्या कंपनीच्या जाणकार मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय भरलेली गाडी रस्त्यावर आणू नये. आणि गाडी पूर्ण सपाट होईपर्यंत हवा भरण्याचा हट्टही धरू नये. भरलेली गाडी थोडी बसलेली असणे हे तिच्या रचनेतच धरलेले असते.

दुसरा धोका चॅसीला असतो. पाटे आपला भार चॅसीला दोन टोकांशी देतात. फुगा तो मधोमध, हाताच्या पंजाएवढ्या जागेत देतो. मर्यादेत हे चालते. मर्यादेपलीकडचा माल घालून फुगे ताणले, तर त्याच जागी चॅसीला तडा जाऊ शकतो.

आणि मर्यादा ठरते ती नोंदणी पुस्तकात. टायर, रिम, ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, चॅसी यांतली सर्वांत कमजोर कडी पाहून तो आकडा ठरलेला असतो. फुगे बसवल्याने यांतले काहीच बदलत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. त्याच कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करू देत नाही. म्हणून फुगे किंवा हुक बसवण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे.

खारा वारा, तांबडा चिखल

कोकणात बसवलेले कोणतेही यंत्र समुद्राशी करार करूनच टिकते. मिरकरवाड्याहून मासळी नेणाऱ्या पिकअपच्या हौद्यातून बर्फाचे खारे पाणी सतत चॅसीवर ठिबकत असते. ब्रॅकेटवरचा रंग जिथे खरवडला तिथून गंज धरतो, म्हणून बसवतानाच उघड्या पत्र्यावर प्रायमर आणि रंग द्यावा. जांभ्याच्या तांबड्या चिखलात बारीक खडी असते. ती फुग्याच्या वळ्यांत अडकली की दर हेलकाव्याला रबर घासले जाते. मासळीच्या किंवा चिखलाच्या फेरीनंतर फुगे गोड्या पाण्याने धुणे हे चाके धुण्याइतकेच नेमाचे काम समजावे.

आंब्याचा हंगाम आटोपतो, १ जूनला मासेमारीबंदी लागते आणि बहुतेक पिकअप थोड्या निवांत होतात. तपासणीसाठी हाच काळ उत्तम. चाके काढावीत, फुग्याच्या वळ्या बोटांनी उघडून चिरा पाहाव्यात, नळी कुठे घासली का ते पाहावे, मेन पाट्याचे डोळे आणि बुश पाहावेत. फुग्यांच्या आधाराने झाकून गेलेला तुटका पाटा याच वेळी सापडतो.

हे सगळे वाचून कोणी फुगे घ्यायला निघाला, तर त्याने एक क्रम पाळावा. आधी वजन: काट्यावर गाडी न्या, नोंदणीतल्या आकड्याच्या आत आहे का पाहा. जास्त भरले तर जादा पेट्या दुसऱ्या गाडीत जातील. मग जागा: जड माल पुढे सरकवा आणि पुन्हा टेप लावा. पुष्कळदा इथेच काम भागते. एवढे करूनही शेपूट खाली राहिले, तरच हवा. गाडीवान पोती पुढे सरकवून जे साधत होता, ते साधल्यावर जेवढी उलाळ उरते, तेवढीच हवेने काढायची असते.